कोणते कार्ट्रिज चालेल?

रेडीच्या एका शिक्षकांनी आम्हाला एक व्यवहारी प्रश्न विचारला आहे. शाळेत स्वस्तातला एक लेसर प्रिंटर आहे. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापायच्या वेळीच अक्षरे फिकट येऊ लागली. शिरोड्याला चौकशी केली तेव्हा तीन पर्याय पुढे आले : कंपनीचे मूळ कार्ट्रिज, दुसऱ्या कोणी तरी बनवलेले ‘कंपॅटिबल’, आणि जुनेच भरून देण्याची ‘रिफिल’. किमतींत फरक इतका, की पहिल्याच्या पैशांत तिसरे कितीतरी वेळा करून घ्यावे. शाळेची सादिल रक्कम तुटपुंजी. म्हणून त्यांचे विचारणे असे : स्वस्तातले घातले की यंत्र बिघडते हे खरे, की ती कंपन्यांनी घातलेली भीती?

दोन्ही थोडे थोडे खरे आहे. पण ‘थोडे थोडे’ म्हणजे किती, हे ठरवायला प्रिंटरच्या पोटात शिरावे लागते. एखादे कार्ट्रिज ‘चालत नाही’ त्याची काही कारणे पदार्थविज्ञानातली असतात. ती कोणालाच चुकवता येत नाहीत. काही कारणे मात्र विकणाऱ्याने मुद्दाम घालून ठेवलेली असतात. दुकानात दोन्हींना शब्द एकच. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा भेद करता आला, तर शाळेचे पैसे वाचतील आणि यंत्रही.

गंधक, रुमाल आणि बीजाणूंची पूड

लेसर प्रिंटर आणि आपल्या बाजारातले ‘झेरॉक्स’ ही एकाच घरातली भावंडे. त्यांचा मूळपुरुष चेस्टर कार्लसन. न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कामात असलेल्या या गृहस्थांना कागदपत्रांच्या प्रती करून घेण्याचा कंटाळा आला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ॲस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्यांनी आणि त्यांचे साहाय्यक ओटो कॉर्नाय यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. तो रुमालाने घासून विद्युतभारित केला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि जागेचे नाव लिहून ती पट्टी थरावर ठेवली आणि वरून प्रखर दिव्याचा उजेड पाडला. उजेड पडला तिथला भार निघून गेला. अक्षरांच्या सावलीत तो टिकला. वर लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची पूड भुरभुरून फुंकर मारली, तर अक्षरे उमटली. मेणाचा कागद दाबून गरम केला आणि ती कागदावर घेतली.

भार, प्रकाश, पूड, उष्णता. आजच्या यंत्रात याहून वेगळे काही नाही. पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसनना परत पाठवले, आणि १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र आले तेव्हा कुठे ही युक्ती कचेऱ्यांत पोचली. गॅरी स्टार्कवेदर यांनी मूळ कागदावरून परतणाऱ्या उजेडाच्या जागी संगणकाने चालूबंद केलेला लेसर किरण आणला. झेरॉक्स ९७०० हा त्यावर आधारलेला मोठा प्रिंटर १९७७ चा. टेबलावर मावणारा एचपी लेसरजेट १९८४ साली आला, त्याच्या आतली यंत्रणा कॅननची होती.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे वर्ष १९८२. त्या वर्षी कॅननने लहान कॉपियर काढले आणि त्यांत झिजणारे बहुतेक भाग एका डब्यात भरले. डबा संपला की टाकून नवा घालायचा, मेकॅनिक बोलवायला नको. सोय मोठी. पण त्याच दिवसापासून यंत्र स्वस्त आणि डबा महाग असा व्यापार सुरू झाला.

डब्याच्या आत

आपल्याकडे तहसील कचेरीपासून झेरॉक्सच्या टपरीपर्यंत दिसलेले दोन स्वस्त प्रिंटर म्हणजे एचपीचा लेसरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. पहिल्याचे कार्ट्रिज ‘१२ए’, दुसऱ्याचे ‘३०३’. यांचा डबा उघडला तर मध्ये ॲल्युमिनियमची एक चकचकीत, निळसर-हिरवट नळी दिसते. तिला ड्रम म्हणतात. तिच्यावर सेंद्रिय रसायनांचा एक पातळ थर असतो. हा थर अंधारात विद्युतरोधक आणि उजेडात वाहक. कार्लसनच्या गंधकाची जागा त्याने घेतली आहे.

एक रबरी रूळ (मेकॅनिक त्याला पीसीआर म्हणतो) ड्रमला अंधारात ढोबळ मानाने उणे ६०० व्होल्टपर्यंत भारित करतो. लेसर किरण जिथे अक्षराचा ठिपका हवा तिथे पडतो आणि तिथला दाब उणे १०० च्या आसपास उतरतो. टोनरची पूड ऋणभारित असते. ती ज्या रुळावरून येते त्याचा दाब या दोहोंच्या मध्ये राखलेला असतो. म्हणून पूड ६०० व्होल्टच्या कोऱ्या भागाकडून मागे ढकलली जाते आणि किरण पडलेल्या ठिपक्यांवर जाऊन बसते. कार्लसनची पूड सावलीत बसली होती, इथली उजेडाच्या जागी बसते. मग कागदाखालचा धनभारित रूळ तिला कागदावर ओढतो आणि पुढे दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या फ्युझरमध्ये ती वितळून तंतूंत रुतते. ड्रमवर उरलेली पूड एक लवचीक पाते, म्हणजे वायपर ब्लेड, खरवडून निराळ्या कप्प्यात टाकते.

एवढे समजले की पानावरचे दोष वाचता येतात. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर. वर्गात मुलांना विचारावे : ड्रमवर एक ओरखडा असेल, तर पानावर त्याचा ठिपका किती अंतराने पुन्हा येईल? २४ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर. ए-४ पान २९७ मिलिमीटर लांब, म्हणजे ड्रमचे जवळपास चार फेरे. पट्टी लावून ठिपक्यांतले अंतर ७५ भरले तर ड्रम गेला; निम्मे, ३८ च्या आसपास भरले तर १२ मिलिमीटर व्यासाच्या भारक रुळावर संशय घ्यावा. पानाच्या वरपासून खालपर्यंत सलग उभी काळी रेघ असेल तर ती फिरणाऱ्या भागाची नव्हे, एका जागी उभ्या असलेल्या पात्याची. परिघाचे सूत्र वापरून दुकानदाराशी बोलता येण्याचा असा प्रसंग सहसा मिळत नाही!

पूड म्हणजे शाई नव्हे

टोनर ही काजळीची पूड आहे असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक तो मुख्यतः प्लास्टिक असतो : स्टायरिन आणि ॲक्रिलेट यांचे बहुवारिक, रंगासाठी थोडी काजळी, भार घ्यावा म्हणून एक रसायन, फ्युझरला चिकटू नये म्हणून मेण आणि वाळूसारखे सुटे वाहावे म्हणून सिलिकाचे अतिसूक्ष्म कण. एकेक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान.

१२ए सारख्या कार्ट्रिजांत आणखी एक घटक असतो, आणि तो वजनाने निम्म्याच्या आसपास भरतो. तो म्हणजे लोहाचे ऑक्साइड. रेडीच्या मुलांना लोहखनिजाची ओळख करून द्यायला नको. गावच्या खाणींतले खनिज इथल्याच बंदरातून बोटींत भरून परदेशी गेले आहे आणि तिथली तांबडी धूळ कपड्यांवरून जाता जात नाही. पण त्या तांबड्या धुळीवर साधा लोहचुंबक फिरवून पाहावा. फारसे काही चिकटत नाही. हेमॅटाइटमध्ये लोहाच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात आणि त्याचे चुंबकत्व अगदी क्षीण असते. लोहाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे चार असले की मॅग्नेटाइट होते : रंग काळा, आणि चुंबकाकडे धाव घेणारा. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत चुंबक फिरवला की जे काळे कण चिकटतात त्यांत हा असतो. टोनरमधला मॅग्नेटाइट मात्र खाणीतला नसतो; कण एकसारखे यावेत म्हणून तो लोहाच्या क्षारांपासून कारखान्यात बनवतात.

तो कशासाठी? १२ए मध्ये पूड उचलणाऱ्या रुळाच्या आत एक स्थिर चुंबक असतो. बाहेरची पोकळ नळी त्याच्याभोवती फिरते. चुंबक पुडीला नळीवर धरून ठेवतो, ‘डॉक्टर ब्लेड’ नावाची पट्टी तिचा पातळ थर करते आणि या घासण्यातच पुडीला भार मिळतो. म्हणजे या यंत्रात लोह हे पुडीला धरून ठेवणारे हात आहेत. ब्रदर किंवा सॅमसंगच्या अनेक छोट्या प्रिंटरांत हा चुंबकच नाही. तिथे मऊ रबरी रूळ पुडीला नुसत्या स्थितिक विद्युतेने धरतो, आणि पुडीत लोह नसते.

आता एकाची पूड दुसऱ्यात भरली तर काय होईल हे वाचकांनीच सांगावे. बिनलोहाची पूड चुंबकी रुळावर ठरणार नाही. ती सांडेल, कागदाची पार्श्वभूमी करडी येईल. लोहाची पूड रबरी रुळावर गेली तर तिचा भार नीट जमणार नाही, शिवाय तिचे कठीण कण रबर झिजवतील. काही यंत्रांत ड्रम आणि पूड दोन्ही धनभारित चालतात. तिथे ऋणभाराची पूड भरणे म्हणजे ढकलायचे त्याला ओढणे आणि ओढायचे त्याला ढकलणे. वितळण्याचा बिंदूही जुळावा लागतो. उशिरा वितळणारी पूड बोटाने पुसली जाते, लवकर वितळणारी फ्युझरच्या पातळ आवरणाला चिकटून पुढच्या अक्षरांची पुसट भुते उमटवते. ते आवरण (बाजारातले नाव टेफ्लॉन) फाटले की दुरुस्तीचा खर्च रिफिलच्या कितीतरी पट होतो. कंपनीच्या भीतीत खरेपणा असलाच तर तो इथे आहे. ‘सगळ्यात चालते’ अशी एकच पूड ठेवणाऱ्या रिफिलवाल्याकडे कार्ट्रिज देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. बाटलीवर कार्ट्रिजचा क्रमांक छापलेला असावा आणि ती आपल्यासमोर उघडावी.

परीक्षा साधी आहे. रिफिलवाल्याकडून चमचाभर पूड घट्ट झाकणाच्या पारदर्शक बाटलीत मागून घ्यावी आणि बाहेरून चुंबक फिरवावा. लोहाची पूड साळिंदराच्या काट्यांसारखी उभी राहून चुंबकामागे चालते. बिनलोहाची ढिम्म हलत नाही. ही बाटली वर्गात वर्षभर उपयोगी पडेल. झाकण मात्र चिकटवून टाकावे.

रिफिल करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वायपर ब्लेडने खरवडलेली टाकाऊ पूड ज्या कप्प्यात साठते तो रिकामा केला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला तो तुडुंब होऊन पाने काळी करतो. आणि ती टाकाऊ पूड ‘चांगलीच आहे की’ म्हणून परत भरणारे महाभाग असतात. तिच्यात कागदाचा भुसा मिसळलेला असतो, तिचे सिलिका झडलेले असते. दुसरे, ड्रम उजेडाला भितो. काढलेले कार्ट्रिज उन्हाच्या खिडकीत उघडे ठेवून चहाला जाणारा मेकॅनिक बदलावा.

नावे अनेक, डबा एक

आकार जुळणे ही सर्वांत सोपी अट, पण गोंधळ तिच्यातच जास्त. १०२० आणि २९०० या दोघांचे पोट एकाच घराण्यातले, म्हणून कंपॅटिबल कार्ट्रिजच्या खोक्यावर १२ए आणि ३०३ ही दोन्ही नावे शेजारी छापलेली असतात. ३५ए, ३६ए, ८५ए, ८८ए यांचेही तसेच. तेव्हा लेसरजेट पी-१००७ चे ८८ए मिळत नाही म्हणून निराश होऊन परतण्याआधी खोक्याच्या बाजूची बारीक यादी वाचावी. ब्रदरची रीत निराळी : एचएल-एल२३२१डी मध्ये पुडीचा डबा (टीएन-२३६५, सुमारे २,६०० पाने) आणि ड्रमचा डबा (डीआर-२३६५, सुमारे १२,००० पाने) वेगवेगळे. पूड संपल्यावर चांगला ड्रम टाकावा लागत नाही. नवा प्रिंटर घेणाऱ्या शाळेने यंत्राच्या किमतीआधी ही रचना विचारावी.

बाजारातल्या शब्दांचाही घोळ निस्तरायला हवा. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने बनवलेले. त्यात गैर काही नाही. नकली म्हणजे मूळ कंपनीच्या नावाचे खोके वापरून खपवलेले, ती फसवणूक. मूळ रिकामी खोकी भंगारात देताना फाडून द्यावीत, ती याच कामाला जातात.

कुलूप विकणाऱ्याचे

आता राहिली ती तिसरी अट, जिचा विद्युतभाराशी काही संबंध नाही. १२ए ला चिप नाही. ८८ए ला आहे, पण ती नसली तरी प्रिंटर छापतो, फक्त टोनर किती उरला ते सांगत नाही. सॅमसंगचे डी-१०१ किंवा एचपीचे ११०ए घ्या : बोटाच्या पेराएवढी चिप ‘माझी पाने संपली’ म्हणाली, की आत पूड शिल्लक असो वा ताजी भरलेली असो, यंत्र थांबते. ब्रदरच्या टीएन-२३६५ मध्ये चिपऐवजी प्लास्टिकचे एक दातेरी चक्र आहे. नवा डबा बसला की ते एकदाच फिरून ‘मी नवा’ असे कळवते. रिफिलवाला हे चक्र हाताने मागे फिरवून ठेवतो. कुलूप इतके साधे असले की किल्लीही साधीच लागते. चिपवाल्या यंत्रात रिफिलबरोबर नवी चिप बसवावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. कधी कधी प्रिंटरच्या आतली आज्ञावलीच इंटरनेटवरून बदलते आणि कालपर्यंत चालणारी चिप आज ओळखेनाशी होते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या शाईच्या काही प्रिंटरांवर हे घडले आणि त्यावर बराच गदारोळ झाला.

विकत घेतलेली वस्तू पुन्हा भरायची की नाही हे कोणी ठरवायचे, यावर न्यायालयांतही बराच कीस पडला आहे. कॅननने हाँगकाँगच्या ग्रीन कार्ट्रिज कंपनीवर लावलेला दावा १९९७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि निकाल छोट्या कंपनीच्या बाजूने लागला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००७ साली, शाईच्या कार्ट्रिजांबाबत, कॅननचे म्हणणे मान्य केले. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी ‘रिकामे आम्हालाच परत करा’ या अटीवर सवलतीत कार्ट्रिज विकत असे. ३० मे २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. मालकाने ती भरून पुन्हा विकली तर पेटंटच्या आधारे त्याला अडवता येणार नाही. निकाल रास्त वाटतो. पण न्यायालयाने चिप काढून टाका असे काही म्हटलेले नाही, त्यामुळे कुलूप जागच्या जागी आहे. आमच्या मते शाळेने यंत्र घेतानाच कुलपाची चौकशी करावी : चिपशिवाय छापते का, आणि त्याच्या नावाची पूड सावंतवाडी-म्हापशाच्या बाजारात मिळते का? पिकअप रोलर, सेपरेशन पॅड, फ्युझरचे टेफ्लॉन हे सुटे भागही तिथे मिळायला हवेत, नाही तर एका रबराच्या तुकड्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत निरोप धाडावा लागतो.

जुलैतला कागद

किनाऱ्यावरच्या शाळेत ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच कार्ट्रिजच्या नसतातच. पावसाळ्यात रेडीच्या हवेत दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर राहतो, आणि उघडे रीम त्या हवेतले पाणी पिते. ओला कागद विजेला थोडी वाट करून देतो. कागदाखालच्या रुळाचा धनभार पूड ओढायच्या आधीच कागदातून पसरून निघून जातो आणि छपाई फिकट, ठिगळाठिगळांची येते. पुढे फ्युझरमध्ये त्याच पाण्याची वाफ होते : कागद वळतो, सुरकुततो, अडकतो. नवे कार्ट्रिज घालूनही जुलैत अक्षरे फिकट आली, तर दुकानदाराशी भांडण्याआधी न उघडलेल्या रीममधली दहा पाने काढून छापून पाहावीत. रीम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवावे, दिवसाला लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालावीत, आणि मळभाच्या दिवसांत रात्रभर ट्रे भरलेला ठेवू नये. पिकअप रोलर गुळगुळीत होऊन कागद उचलेनासा झाला, तर आधी ओलसर फडक्याने पुसून पाहावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

दुसरी गोष्ट विजेची. फ्युझर ही छोटी इस्त्रीच आहे. तापताना ती एकदम काही शे वॅट ओढते. संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. त्यावर लेसर प्रिंटर जोडला की यूपीएस कोकलतो आणि संगणक बंद पडतो. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगला, आणि अर्थिंग तपासलेल्या प्लगलाच जोडावा.

स्वस्त प्रिंटर स्वस्त का, याचे एक कारण त्याच्या डोक्यात आहे. इंचाला ६०० ठिपके धरले तर ए-४ पानावर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात, म्हणजे चार मेगाबाइटहून अधिक माहिती. लेसरजेट १०२० ची स्मृती दोन मेगाबाइट. संपूर्ण पान त्यात मावत नाही. म्हणून पानाचे ठिपके पाडणे, ते आकुंचित करून पुरवणे ही कामे शाळेचा संगणकच करतो. त्यासाठी त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर संगणकात हवा. नवा संगणक आला आणि प्रिंटर मुका झाला, यात कार्ट्रिजचा दोष नाही. लिनक्स वापरणाऱ्या शाळांनी ड्रायव्हरची चौकशी खरेदीआधीच करावी.

हिशेब

‘२,००० पाने’ हा खोक्यावरचा आकडा आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकाप्रमाणे, ठरलेले नमुना-पान छापत राहून काढतात. त्या पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा असतो. ए-४ चे ५ टक्के म्हणजे साडेपाच सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाइतका काळा भाग. शंभर ग्रॅम पुडीत दोन हजार पाने, तर पानाला ५० मिलिग्रॅम. आपल्या प्रश्नपत्रिकेत शिरोरेघा आहेत, भूमितीच्या आकृत्या आहेत, चौकटी आहेत. तिचा काळा भाग किती टक्के, हे आलेखाच्या कागदाखाली ठेवून मुलांकडून मोजून घ्यावे आणि मग खोक्यावरचा आकडा किती विश्वासाने घ्यायचा ते ठरवावे. नव्या यंत्राबरोबर आलेला डबा पुष्कळदा अर्धवट भरलेला असतो, तो लवकर संपला म्हणून घाबरू नये.

समजा मूळ कार्ट्रिज ५,००० रुपयांचे आणि २,००० पानांचे. पानाला अडीच रुपये, म्हणजे शिरोड्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणेच बरे! समजा रिफिल ३०० रुपयांची आणि १,२०० पाने देणारी. पानाला २५ पैसे. आता मुद्दाम वाईट धरू : पाच रिफिलींपैकी एक गळकी निघाली, सहाशेच पाने दिली आणि सफाईला ८०० रुपये घेतले. एकूण २,३०० रुपयांत ५,४०० पाने. तरीही पानाला सुमारे ४३ पैसे. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, वाचकांनी आपल्या गावचे घालावेत. उत्तराची दिशा बहुधा हीच राहील. फक्त दर तीन-चार भरणींमागे ड्रम आणि वायपर ब्लेड बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा. हमीचा काळ चालू असलेल्या नव्या यंत्रात वर्षभर मूळ किंवा चांगल्या नावाचे कंपॅटिबल वापरावे, पुढे रिफिलकडे वळावे. शिक्षकांना आम्ही हेच कळवले आहे.

पैसे वाचवायचे म्हणून शाळेतच, मुलांच्या हातून पूड भरण्याचा उद्योग मात्र करू नये. इतकी बारीक धूळ फुप्फुसात जाणे बरे नव्हे. सांडलीच तर ओल्या फडक्याने टिपावी, कपडे आणि हात थंड पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने पूड मऊ होऊन चिकटते. घरगुती व्हॅक्युम क्लीनर तिच्यावर चालवू नये, तो बारीक पूड मागच्या बाजूने हवेत फेकतो. रिकामे कार्ट्रिज जाळायचे तर नाहीच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसह आहेत, तेव्हा ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे.

त्याआधी मोडीत निघालेल्या एका १२ए मधला चुंबकी रूळ मेकॅनिककडून काढून, स्वच्छ पुसून मागून घ्यावा. रेडीच्या वाळूतले चुंबकाने वेचलेले काळे कण कागदावर पसरून त्यावरून हा रूळ लोळवला तर कण सगळीकडे सारखे चिकटत नाहीत. नळीच्या लांबीने उभे पट्टे दिसतात, कारण आतल्या चुंबकाला दोनच ध्रुव नाहीत. आतला दांडा घट्ट धरून बाहेरची नळी सावकाश फिरवावी. नळी फिरते, पट्टे जागच्या जागी राहतात. किती पट्टे आहेत ते मुलांना मोजू द्यावे.